पाणी मुरते आहे!

दसऱ्याला आपल्याकडे वाहनांची पूजा होते, ती मला मनापासून आवडते. सायकलीपासून मालमोटारीपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात त्या दिवशी झेंडूच्या माळा असतात. काचेखाली आपट्याची पाने, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि शेजारी फोडलेला नारळ! घरातला नास्तिकातला नास्तिकही मोटारीपुढे क्षणभर डोळे मिटतो. बायकापोरांसह आपण ज्या यंत्राच्या स्वाधीन व्हायचे, त्याच्याशी वर्षातून एकदा तरी गोडीने वागावे, असे त्यालाही वाटत असावे.

माझी तक्रार एवढीच, की ही सारी पूजा बॉनेटच्या वरच आटोपते. बॉनेटच्या खाली, ड्रायव्हरच्या समोर येईल अशा बाजूला, मुठीएवढी एक पांढरट प्लॅस्टिकची बाटली असते. तिच्यावर दोन रेघा असतात, एक वरची आणि एक खालची. या बाटलीला हळदीचे बोट लावलेले मी तरी कधी पाहिले नाही. आणि खरे पाहिले तर आपला सगळ्यांचा जीव तिच्यातच असतो. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असायचा, तसा.

या बाटलीत असते ब्रेक ऑइल. ऑइल हे त्याचे नुसते नाव. ते तेल नव्हे. उलट, कुणी तेल समजून त्यात इंजिनाचे तेल ओतले, तर आतल्या रबराच्या वायसरी फुगून बसतात आणि ब्रेकचा कारभार आटोपतो. हा एक वेगळाच रस आहे. मोटारीच्या रंगावर त्याचा थेंब पडला तर रंग सोलून निघतो. लगेच पाण्याने धुतला तरच निभावते. इतका तिखट पदार्थ नळ्यांतून मुकाट्याने राहतो आणि आपल्या पायाचा शब्द चाकापर्यंत पोचवतो.

कारण गंमत अशी आहे, की आपण पाय दाबतो इथे आणि चाक अडते तिथे. मधे ना दोरी, ना साखळी, ना दांडा. मधे असते ती या रसाची बारीक धार. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले. त्याच्यापुढे काही मोटार नव्हती. मोटारींना पूर्वी दांड्यांचे आणि तारांचे ब्रेक असत. एखादी तार सैल पडली की एक चाक थांबे, दुसरे धावे आणि गाडी रस्त्यात आडवी होई. पुढे माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने पास्कलचे ते तत्त्व ब्रेकला जोडले आणि १९२१ साली ड्यूझेनबर्ग या अमेरिकन मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसले. आमच्यासारख्यांना मौज वाटावी ती पुढेच आहे. सुरुवातीच्या काळात या नळ्यांत जे घालीत, त्यात एरंडेल असे! एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण करून त्यावर मोटारी थांबवीत. लहानपणी महिन्याच्या एका रविवारी नाक दाबून जे घशात ओतले जाई, त्याच्याविषयीचा माझा आदर हे कळल्यापासून दुणावला आहे.

आता एरंडेल गेले. आताचा रस कारखान्यातल्या रसायनांचा असतो आणि त्याला ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ अशी नावे असतात. डॉट म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. आपल्या गाडीला यांपैकी कोणता रस चालतो, ते त्या बाटलीच्या बुचावरच छापलेले असते. त्यात आपली अक्कल चालवायची नसते.

या रसाचा एक स्वभाव मात्र मोठा विलक्षण आहे. तो पाणी पितो. कुणी ओतलेले पाणी नव्हे, हवेतला ओलावा. बुचाच्या फटीतून आणि रबरी नळ्यांच्या अंगातून तो ओलावा कणाकणाने आत येतो आणि हा रस तो मुकाट्याने पिऊन टाकतो. आषाढ लागला की कोकणातल्या घरात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, पापड मऊ पडतात, काडेपेटी रुसते. मिठाचे दु:ख निदान दिसते तरी. ब्रेक ऑइलचे दिसत नाही. पातळी आहे तिथेच असते, पाय दाबला की गाडी आहे तशीच थांबते. ‘कुठे तरी पाणी मुरते आहे’ असे आपण माणसांच्या बाबतीत म्हणतो. इथे ते शब्दश: मुरत असते.

मुरले तर बिघडले कुठे, असे कुणी विचारील. मीही आमच्या मिस्त्रींना तेच विचारले होते. कऱ्हाडला ज्या गॅरेजात मी गेली कित्येक वर्षे गाडी नेतो, तिथले हे मिस्त्री म्हणजे फार मोजके बोलणारे गृहस्थ. हात पुसत ते म्हणाले, “साहेब, उतारावर ब्रेक तापतो. ब्रेक तापला की ऑइल तापतं. ऑइलातलं पाणी उकळलं की त्याची वाफ होते. आणि वाफ दाबली तर दबते.”

एवढ्या चार वाक्यांत सगळे शास्त्र आले. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणूनच तो पायाचा जोर चाकापर्यंत नेतो. वाफ मात्र स्पंजासारखी दबते. मग पाय खाली जातो, पार तळाला टेकतो आणि चाकाला त्याची दादही नसते. नवे कोरे ‘डॉट ३’ निदान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. पण त्यात शंभराला जेमतेम पावणेचार भाग पाणी मुरले, की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’चे आकडे २३० आणि १५५. गावातल्या गावात फिरताना ब्रेक इतका तापतच नाही, म्हणून काही कळत नाही. कळते ते घाटात. जिथे कळून फारसा उपयोग नसतो तिथे.

“मग पाणी न पिणारं काही तरी का नाही हो काढत?” मी विचारले. यावर मिस्त्री हसले. “पाणी प्यालं नाही तर ते जाईल कुठं? थेंब थेंब खाली जाऊन चाकाशी बसेल. सगळ्यात जास्त तापतं ते चाकाशीच. तिथं शंभरावर उकळेल, नाही तर गंज धरेल. हे बिचारं सगळं पाणी स्वत:त वाटून घेतं, म्हणून तर दोन वर्षं निभावतं.”

हे ऐकून मी थोडा वेळ गप्पच राहिलो. ज्याला मी दुर्गुण म्हणत होतो, तो त्या रसाचा उपकार होता. कोणत्याही एका जागी इजा होऊ नये म्हणून तो सारा ओलावा स्वत:त जिरवीत होता. मात्र अशा जिरवण्याला मर्यादा असते. आणि ती मर्यादा जवळ आल्याचे तो स्वत: कधी सांगत नाही.

आमची गाडी म्हणजे २०११ सालची मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम. गाडी एवढीशी, पण तिच्यात बसून आम्ही दर भाऊबीजेला कुंभार्ली घाट उतरतो, कारण माझी थोरली बहीण, आमची अक्का, चिपळूणला असते. पाटण गेले, कोयनानगर गेले, हेळवाक आले की घाटाची चाहूल लागते आणि मी गिअर उतरवतो. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. इंजिनानेच गाडी धरून ठेवली की ब्रेकला फारसे काम पडत नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग पाहिले, की मला त्यांच्या पेट्रोलची नव्हे, पोराबाळांची काळजी वाटते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका भाऊबीजेला घाटाच्या मध्यावर एक लहान मोटार डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून उभी असलेली दिसली. जळक्या लायनरचा वास दूरवर येत होता. तिशीचा एक तरुण, त्याची बायको आणि मांडीवर लाडवांचा डबा घट्ट धरून बसलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. तरुणाचे हात थरथरत होते. “काका, पेडल एकदम खाली गेलं. काहीच लागेना. गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि दिली डोंगराला लावून.” दरीच्या बाजूला न वळता त्याने गाडी डोंगराकडे घातली, याबद्दल मी त्याची पाठ थोपटली. त्या क्षणी इतके सुचणे सोपे नसते.

खरी गोष्ट पुढेच आहे. आम्ही पाणी दिले, बोलत उभे राहिलो. अर्धा तास गेला. मग त्याने आत बसून सहज पेडल दाबून पाहिले आणि आनंदाने ओरडला, “काका, ब्रेक आला!” पेडल खरोखरीच आले होते. टणक, नेहमीसारखे. ब्रेक थंड झाले, वाफेचे पुन्हा पाणी झाले, आणि मघाच्या त्या भयंकर दोन मिनिटांचा मागमूस उरला नाही. बॉनेट उघडून पाहिले. बाटलीत ऑइल वरच्या रेघेपर्यंत काठोकाठ, पण रंग मात्र दोनदा उकळलेल्या चहाचा. नवे ऑइल कसे पातळ मधासारखे दिसते. “हे बदललं कधी?” मी विचारले. “बदलायचं असतं?” तो म्हणाला, “कमी झालं की गॅरेजवाला भरून देतो की.”

भरणे आणि बदलणे यांतला फरक आपल्याला कुणी शिकवीत नाही. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी सावकाश उतरते; ती झीज मोजण्याची खूण आहे. एकाएकी उतरली तर कुठे तरी गळती आहे आणि गाडी जागची हलवू नये. दोन्ही वेळी नुसते वरून भरले, की खूणही बुजते आणि जुन्यात मुरलेले पाणीही तसेच राहते. रंगावरही फार विसंबू नये, कारण मुरलेले पाणी रंगाने दिसत नाही.

तो तरुण गाडी तशीच खाली न्यायला तयार होता. “आता लागतोय ना ब्रेक!” हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. शेवटी त्याची बायको दार उघडून खाली उतरली. “तुम्ही खुशाल या ब्रेक लावत. मी आणि पोरगी काकांच्या गाडीतून जातो,” असे म्हणून तिने लाडवांच्या डब्यासह मुलीला आमच्या गाडीत बसवले. मग मात्र त्याने चिपळूणहून गाडी उचलून नेणारा टेम्पो मागवला. लाडू बेसनाचे होते, हे आम्हांला शिरगाव येण्यापूर्वीच कळले.

दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलण्याचा माझा परिपाठ घरात चेष्टेचा विषय आहे. पण तो कार्यक्रम एकदा पाहण्यासारखा असतो. एका वर्षी गॅरेजातला पोऱ्या दिवाळीसाठी गावी गेला होता, म्हणून मिस्त्रींनी आमच्या सौभाग्यवतींना पेडलवर बसवले. चाकामागच्या छोट्या निपलला मिस्त्रींनी पारदर्शक नळी लावली आणि तिचे टोक एका बाटलीत सोडले. “वहिनी, दाबा!” सौ.नी दाबले. “धरा!” धरले. निपल सैल होताच नळीतून काळपट धार आली आणि पेडल खाली गेले. निपल आवळल्यावर हुकूम सुटला, “सोडा!” आवळण्यापूर्वी पाय उचलला तर हवा आत शिरते आणि केलेले सगळे वाया जाते. चारही चाकांशी हेच, नळीतून स्वच्छ, बुडबुड्याविना धार येईपर्यंत. माझ्याकडे काम होते ते वरची बाटली रिकामी होऊ न देण्याचे. बाटली भरलेली ठेवण्याची जबाबदारी माझ्यासारख्या निर्व्यसनी माणसावर आली, याचे मिस्त्रींना तासभर हसू येत होते. सारे काम लिटरभर ऑइलाच्या आत होते, आणि खर्च म्हणाल तर चौघांच्या हॉटेलातल्या एका जेवणाहून कमी. डबा मात्र सीलबंदच आणावा. फोडून ठेवलेला डबा फळीवर बसूनही पाणी पितच असतो.

त्या भाऊबीजेच्या रात्री अक्काच्या ओटीवर बसून मी घाटातली हकीकत साऱ्यांना रंगवून सांगितली. अक्का आत होती. आमची आई तेव्हा तिच्याकडेच अंथरुणाला खिळून होती, त्याला तिसरे वर्ष लागले होते. आईला कोकणातले घर सोडवेना, आणि आम्ही भावंडे पैसे पाठवीत होतो, आळीपाळीने भेटून जात होतो. अक्काची कधी तक्रार नसे. विचारले की म्हणायची, “मला कसला त्रास? रोजचंच आहे.” तिचा चेहरा हसरा, घर नीटनेटके, आईची चादर पांढरीशुभ्र. पातळी, म्हणाल तर, वरच्या रेघेला.

सगळे निजायला गेल्यावर सौ. हळूच म्हणाली, “अहो, मघाशी तुम्ही ते ऑइलचं सांगत होतात ना, सगळं स्वत:त वाटून घेतं आणि बोलत नाही म्हणून… मी अक्कांकडे बघत होते.”

“अक्काला विचारलंय मी कितीदा. ती नाहीच म्हणते.”

“त्या नाहीच म्हणणार. त्यांना कळेल तेव्हा घाट लागलेला असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे भाऊ मागच्या अंगणात बसलो आणि ठरवले, की दर चार महिन्यांनी एकेका घरच्या जोडप्याने पंधरा दिवस चिपळूणला येऊन राहायचे आणि त्या पंधरा दिवसांत अक्काने त्या घरात थांबायचे नाही. चार-दोन दिवस येऊन तिला ‘हातभार लावणे’ हे नुसते वरून भरणे झाले. ते आम्ही करीतच होतो. आता बदलायचे होते. ओवाळणीच्या तबकात पाकिटाऐवजी ही चिठ्ठी पडली तेव्हा अक्का रागावली. “म्हणजे माझं काही चुकतंय का आईचं करताना?” ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. तिची समजूत घालायला सबंध दिवस लागला. माणसाला विश्रांती दे म्हटले की त्याला हाकलल्यासारखे का वाटावे, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

ती नाशिकला आपल्या बालमैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीने नंतर फोनवर सांगितले, की पहिले दोन दिवस अक्का नुसती झोपली. जेवायला उठे आणि पुन्हा झोपे. तिसऱ्या दिवशी उठून तिने गोदेवर जाऊन यायची इच्छा दाखवली. मैत्रिणीने तिचा रक्तदाब तपासून घेतला, तेव्हा तो बराच वाढलेला निघाला. अक्काला त्याची खबरच नव्हती. औषध सुरू झाले ते तिथेच.

आईची आणखी अडीच वर्षे गेली. ती शेवटपर्यंत चिपळूणलाच राहिली आणि शेवटी अक्काच्याच हातून पाणी प्याली. अक्का आज सत्तरीला टेकली असून भाऊबीजेला ओवाळताना निरांजनाचे तबक अजून एका हाताने पेलते.

पाळ्या त्या काळात बिनचूक चालल्या. आमची पाळी एकदा श्रावणात आली. बाहेर धो धो पाऊस, आणि आत आम्ही दोघे आईची पथ्ये सांभाळीत पंधरा दिवस घर चालवीत होतो. सोळाव्या दिवशी अक्का परत आली. हातपाय धुतले, आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि तशीच स्वयंपाकघरात शिरून तिने एकेक डबा उघडून पाहिला. आम्ही दोघे परीक्षेला बसल्यासारखे दारात उभे. शेवटी बरणीत बोट घालून ती म्हणाली,

“बाकी सगळं ठीक आहे हो. पण झाकण घट्ट लावत नव्हतात का रे? मिठाला पाणी सुटलंय.”